आतली बाजू

डोकं हलवायचं नाही, फक्त डोळे.
दिवसातून चाळीस जणांना हेच सांगते मी
कॉलेज रोडच्या दवाखान्यात.
आज माझ्या पेनच्या निळ्या टोकामागून
श्रीरंगचे डोळे येतायत.

येतायत म्हणजे मागे राहतायत,
मग उडी मारून गाठतायत,
पुन्हा मागे.
द्वारकेच्या चौकात बापाचा हात सुटलेलं पोर
बरोबरी करायला धावतं, तसं.

गोरवाडकर मॅडम म्हणाल्या,
या आजारात असं दिसतं पुष्कळांत.
डोळ्याचा पडदाही पातळ असतो कधीकधी,
काही मायक्रॉन.
ते मशीन मीच चालवते.
लासलगावच्या कांद्याचा तो पापुद्रा,
जो सोलताना दिसत नाही,
बोटाला चिकटल्यावर कळतो,
त्याहूनही पातळ.
एवढ्यावरून एका माणसाचं काही सांगता येत नाही,
हेही त्या म्हणाल्या.

आईच्या मते बारावीच्या निकालाला
अख्ख्या तांबट आळीत पेढे वाटले, तिथेच लागली.
मीठ, मोहरी, सात मिरच्या.
अजून दर अमावास्येला ओवाळून विस्तवावर टाकते
आणि ठसका आला नाही की घाबरते.
ती दृष्ट काढते, मी दृष्टी तपासते.
गोळ्या मात्र दोघी मोजतो,
एकमेकींपासून लपवून.

समोरच्या दुकानात केरूनाना गायखे
पितळी घंटा वाजवून निवडतात.
जन्मांध.
श्रीरंग विचारतो, "नाना, तुम्हाला आवाज येतात?"
"येतात की. घंटांचे."
"तसे नाही. कुणी नसताना."
नाना थांबतात. "कुणी नसताना घंटा कशी वाजंल, बाळा?"

मॅडमनी सांगितलं होतं,
जन्मापासून ज्यांच्या मेंदूतच पाहणं नाही
अशा कुणाला हा आजार झाल्याची पक्की नोंद
त्यांच्या वाचनात नाही.
मुळात अशी माणसंच थोडी,
फार काही बांधू नकोस त्यावर.
मी बांधलं नाही.
फक्त त्या रात्री जिना
डोळे मिटून चढले, अकरा पायऱ्या,
बाराव्या पायरीला ठेचकाळले.

बाबा मुखवटे मागून ठोकतात.
पत्रा राळेवर पालथा,
आतून जेवढा खड्डा
बाहेरून तेवढा गाल.
चैत्राआधी गडावरच्या ऑर्डरी.
राळ जाळून काढलेला एक
दारात दोरीला टांगला होता, पाठ आमच्याकडे.

आणि देवी माझ्याकडेच बघत होती.
नाक पुढे, कपाळ पुढे.
मी सरकले तशी तिची मान सरकली.
"बघ रे, कशी बघतेय."
श्रीरंगने हातातला तांब्या खाली ठेवला.
"ताई, खड्डा आहे तो. बोट घाल."
घातलं.
नाकाच्या जागी बोट आत गेलं, गार,
पार ठोक्यांच्या खुणांपर्यंत.
बोट आत, आणि डोळ्यांना चेहरा पुढेच.

भास मला होत होता.

बाबा मान वर न करता म्हणाले,
"कामाला बसलो की मला खड्डा दिसतो,
गिऱ्हाईक आलं की देवी."
हातोडी थांबली नाही.

यावरून त्याला खरं दिसतं, असं काही नाही.
त्याच रात्री समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी
पाळत ठेवते म्हणाला.
पलंग भिंतीपासून ओढला,
आरशावर टॉवेल टाकला,
नखं खाल्ली रक्त येईस्तोवर.
मी खिडकीत उभी राहिले, नीट पाहिलं.
"मला टाकीच दिसते, श्रीरंग."
"तुला देवीही दिसली होती," तो म्हणाला.

खिडकीचा कडी-कोयंडा गंजलेला,
एका हाताने बसत नाही.
तो दाबून धरत होता, मी कडी सरकवली.